साधुपिंड

आमच्यात माणसाला 'गार' म्हणू नये. पाणी गार म्हणा, वारं गार म्हणा, पण माणसाचं नाव घेऊन गार म्हणलं की समदे रडायलाच लागतेत. 'म्हातारा पहाटं गार पडला' म्हणलं की संपलं, पुढं बांबू आणा, मडकं आणा. मेंढराचंबी तसंच. थंडीत कोकरू जन्मलं आन् त्याचे पाय गार लागले, की माझा नवरा, चतुरीचा बाप, त्याला उचलणार, घोंगड्यात गुंडाळणार आन् थेट काखंत धरून बसणार. किती कोकरं त्यानं काखंत जगवली, त्याला गणती न्हाई. असल्या माणसाला कुणी सांगावं, की बाबा, जगवायचं असंल तर बर्फात ठेव?

नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण आता वय झालं, लाज कशाची? येडबा. सासूनं नाव ठेवताना उलीसा इचार केला असता तर माझी जिंदगी जरा बरी गेली असती. लोक म्हणतेत नावात काय हाय. मी म्हणते, समदं नावातच हाय.

आमाला एकच लेकरू जगलं, चतुरा, आमची चतुरी. तिला बारावं लागलं आन् तिचं पाणी वाढलं. तांब्या न्हाई, घागरच तोंडाला लावायची. जेवायची दोघांचं, आन् अंगाला काही लागंना, पोरगी काडी झाली. मी म्हणलं नजर लागली, मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मंग एक दिवस बघते तर पोरगी जिथं लघवीला बसली होती, तिथं मुंग्यांची रांग. माझ्या सासऱ्याचं तसंच झालं होतं.

परभणीच्या दवाखान्यात नेली तवर ती बोलंनाशी झाली होती. तिथल्या डाक्टरनं वाचवली, त्याचं देव भलं करो. तो म्हणला, हिला साखर हाय. सकाळी एक सुई, सांजला एक सुई. गोड बंद. हे जल्मभर.

"जल्मभर म्हणजे किती दिवस साहेब?" चतुरीच्या बापानं इचारलं.

मी म्हणलं, "चला हो, भाईर चला." त्याला समजलं न्हाई असं न्हाई. त्याला ऐकायचंच नव्हतं.

सुई द्यायला मी शिकले. काचेची पिचकारी उकळायची, दवा ओढायची, मांडीची कातडी चिमटीत धरायची आन् टोचायची. पहिल्या दिवशी मी डोळे मिटूनच टोचायला गेले, पोरगी म्हणली, "माय, डोळे उघडून टोच की." दवाच्या बाटलीला ऊन चालत न्हाई. आमचं बिऱ्हाड रानोरान, पाल ठोकून. आज हेच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या तेच्या. मंग एका मडक्यात ओली वाळू भरली, वाळूत बाटली पुरली, वरून ओलं पोतं. देव्हाऱ्यातल्या देवाला पाणी घालायचं इसरंल, पण त्या मडक्याला इसरले न्हाई कधी.

आन् गूळ बिऱ्हाडातून भाईर. साखर भाईर. चतुरीच्या बापानं हुकूमच काढला, "गुळाचा खडा माझ्या पालात दिसला तर मी तरी राहीन न्हाईतर गूळ तरी राहील." पोरीचा जीव गुळात. ज्वारीची भाकर आन् गूळ असला की तिला दुसरं काही नको असायचं. तेवढंच गेलं.

वरीस उलटलं तवा आमची मेंढरं ताडकळसच्या शिवारात बसली होती, धुरपताबाईच्या रानात. धुरपताबाई म्हणजे मोठ्या घरची, चांगल्या मनाची बाई, पण तोरा लय. तिचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, रानाच्या त्या टोकाला. आमी पहिल्या दिवशी आलो तशी ती स्वतः गूळ-पाणी घेऊन आली. आमच्या भागात उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी, मंग बाकीचं. तिनं मोठ्या मायेनं खडा चतुरीच्या हातावर ठेवला. पोरगीनं माझ्याकडं बघितलं आन् मूठ हळूच तोंडाकडं न्यायली. मी एक फटका मारला, खडा धुळीत.

"तिला इख देऊ नगा बाई!"

धुरपताबाईचं तोंड उतरलं. "इख? आमच्या आखाड्यावरलं गूळ-पाणी इख? तीन पिढ्यांत असं म्हणणारं कुणी पैदा झालं नव्हतं गं."

मी साखरेचं सांगितलं. पण शब्द सुटला तो सुटला. त्या दिवसापासून ती आमच्याकडं आली न्हाई. चतुरी सांजवर त्या धुळीतल्या खड्याकडं बघायली. त्याला मुंग्या लागल्या तवा तिकडं पाठ करून बसली.

त्याच आठवड्यात माणिकराव डाक्टर आले. हे जनावरांचे डाक्टर. परभणीच्या कॉलेजात पोरांना शिकवायचे, आन् गावोगाव मेंढरांना लस टोचायला जायचे. मी पोरीला सुई देत होते, ते उभं राहून बघायले.

"कासाबाई, तुमीच देता रोज?"

"मंग काय मेंढ्या देणार? तुमाला शिकायचंय का?"

हसले. माणूस चांगला. दगडावर बसले, चहा घेतला, मंग म्हणले, "मी याच्यावरच काम करतो. जठराच्या मागं एक अवयव असतो. शेळीला असतो, मेंढीला असतो, तुम्हाआम्हाला असतो. त्याला म्हणतात स्वादुपिंड."

पिंड म्हणलं की आमाला धाव्याचा दिवस आठवतो, भाताचा गोळा आन् वर कावळा. पण चतुरीच्या बापानं ऐकलं भलतंच. "साधुपिंड," तो म्हणला, आन् हात जोडले. तवापासून आमच्यात ते साधुपिंडच झालं.

डाक्टर म्हणले, "त्याच्यात मणी असतात. खसखशीपेक्षा बारीक. ही बाटलीतली दवा हाय ना, ती माणसाच्या पोटात हे मणीच तयार करतात. चतुराचे मणी मेलेत. म्हणून तिला बाहेरून द्यावी लागती."

"मंग दुसऱ्याचे घाला की." येडबा, दुसरं कोण?

डाक्टर दचकलेच. "तेच करायचं म्हणतात जगभर. पण मणी बाहेर काढले की मरतात. काढताना मरतात, नेताना मरतात, ठेवताना मरतात. आधी त्यांना जगवायचं कसं, एवढंच मी बघतोय. शेळीचे मणी काढायचे आन् किती जगले, किती मेले ते बघायचं."

"म्हणजे जगले की लावायचे."

"नाही, नाही येडबा! लावायचं कुठल्या कुठं राहिलं. शेळीचं माणसाला चालतं का, हेच कुणाला माहीत नाही. माझं काम फक्त जगवायचं."

मी चांगलं ऐकलं. तीन येळा न्हाई म्हणले. पण चतुरीच्या बापाला 'न्हाई' ऐकूच येत न्हाई. बुडत्याला काडीचा आधार म्हणतेत, हा बाबा काडीवर पाल टाकून बसला. डाक्टर म्हणले की परभणीत खाटकानं कापलेल्या जनावराचं पिंड हाताला लागस्तोवर मरून जातं. झालं! हा उठलाच. "माझा म्हसोबाचा बोकड हाय. येत्या मंगळवारी कापायचाय. साहेब, तुमाला त्याचं साधुपिंड."

तो बोकड पोरगी दवाखान्यात असताना नवस बोललेला. मंगळवारी डाक्टरच्या कॉलेजातल्या पोरांची परीक्षा, त्यांना येता येईना. मंग त्यांनी एका मेलेल्या मेंढीचं पोट फाडून येडबाला जागा दाखवली. असं फिकट गुलाबी, कण्यांच्या घुगरीवाणी दाणेदार. आन् एक रुंद तोंडाचा थर्मास दिला. "बाजारात गोळ्यावाल्याकडून बर्फ घ्यायचा. थर्मासात बर्फ, बर्फात ही पिशवी, पिशवीत पिंड. गार राहिलं पाहिजे, नाहीतर मरेल. समजलं?"

"समजलं," चतुरीचा बाप म्हणला.

मलाबी समजलं. दवा गार ठेवतो, हेबी गार ठेवायचं, त्यात काय? मी पुन्हा तो इषय काढला न्हाई.

मंगळवारी सकाळी ताडकळसचा मुलाणी आला, म्हसोबापुढं बोकड कापला. मी चुलीपाशी होते. येडबानं पोट उघडून पिंड काढलं, हातात घेऊन पालामागं पळाला. पोत्यात भुशात गुंडाळलेला बर्फ मी डोळ्यांनी बघितला होता, म्हणून मी निर्धास्त. नैवेद्य दाखवला, आन् आमी तिघं एष्टीत बसलो. पोरगीला संगं न्यायचंच म्हणून तो हटून बसला होता. कामून, ते मला ठाऊक होतं, साधुपिंड आजच पोरीला लावतील ही त्याची आस. पण चांगल्या दिवशी कशाला त्वांड उघडा!

चैताचं ऊन आन् ह्यानं मांडीवर घोंगडं घेतलेलं. घोंगड्यात थर्मास.

"एवढ्या उन्हात घोंगडं?"

"असू दे."

त्या साली विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघायलते. परभणीच्या अलीकडं एष्टी थांबली. समोर रस्ताभर माणसं, निळे झेंडे, बायाबी किती तरी, लेकरं कडेवर घेऊन. लय येळ गेला. येडबा घडीघडी घोंगड्यात हात घालायचा, थर्मासाला चाचपायचा आन् पोरीकडं बघून हसायचा. पोरगीबी हसायची. दोघांचं काय चाललंय ते मला कळायलं होतं आन् माझा जीव आतल्या आत तुटायलता. डाक्टर न्हाई म्हणलाय रे बाबांनो, न्हाई म्हणलाय.

कॉलेजात पोचलो. माणिकराव डाक्टर वाटच बघायलते. थर्मास घेतला, फिरकीचं झाकण उघडलं आन् थबकले.

"बर्फ कुठाय?"

"टाकला," चतुरीचा बाप म्हणला, आन् त्याची छाती अशी फुगलेली! "साहेब, उलीसंबी गार पडू दिलं न्हाई. बोकडाच्या अंगात जेवढी ऊब, तेवढंच पाणी ऊन करून घातलं. वरून लोकर. वरून घोंगडं. हात लावून बघा, अजून ऊन हाय."

डाक्टरनं पिशवी उचलली. त्या पिशवीत आता पिंड नव्हतंच. चिकट, राखाडी लगदा नुसता. वास मारायलता.

"येडबा," ते हळू बोलले, "हे मेलं. अन्न जिरवायचा रस याच्यातच असतो. ऊब मिळाली, की तो रस यालाच जिरवतो. ह्यानं स्वतःलाच खाल्लं."

करायला गेला गणपती आन् झाला मारुती. मला आधी कळंनाच, मंग असा राग चढला की काय सांगू! "बर्फात ठेवा म्हणून सांगितलं होतं, कान कुठं गहाण टाकले होते? म्हसोबाचा बोकड गेला, माणसाची मेहनत गेली, आन् वरून छाती काढून उभे!"

तो गोंधळला. "एष्टी थांबली म्हणून झालं. त्या मोर्च्यानं..."

"मोर्चेवाल्यांवर ढकलू नगा! ते त्यांच्या हक्कासाठी चालायलेत, तुमच्या थर्मासात बर्फ घालायला न्हाई!"

डाक्टरनंबी मान हलवली. बर्फात असतं तर सांजवर टिकलं असतं म्हणले.

येडबा खाली फरशीवर बसला. "कासे, दवा काय जित्ती असती व्हय?" तो म्हणला. "दवा गार ठेव म्हणले, ठेवली. पण हे जित्तं हाय म्हणले. माझ्या हातात फडफडायलतं. पोरीचा जीव त्याच्यात. त्याला बर्फात कसा घालू? घालायला गेलो, हात धजला न्हाई माझा." आन् रडायला लागला. कॉलेजातली शिकलेली पोरं दारात येऊन बघायली आन् हा मोठ्यानं रडायला. आता असल्या माणसाला मारावं का पदराखाली घ्यावं? आपलेच दात, आपलेच ओठ. मी दुसरीकडं बघत उभी राहिले.

डाक्टर रागावले न्हाईत. चतुरीला जवळ बोलावलं, एका नळीच्या यंत्रापाशी बसवलं. "बघ यात." तिनं बघितलं, मंग मीबी बघितलं. काचेवर गोल गोल ठिपके. काही निळे, काही बिनरंगाचे, चांदण्यावाणी.

"हे कालचे मणी, कॉलेजातच कापलेल्या शेळीचे. आत निळा रंग सोडलाय. जो मेलाय तो निळा रंग पितो. जो जित्ता हाय, तो रंग आत येऊच देत नाही. बघा किती बिनरंगाचे हायेत. आन् हे कालपासून बर्फात होते, कासाबाई."

"कालपासून गार, आन् जित्ते?"

"गार म्हणजे मेलं नाही. निजलंय. गार पडलं की त्याची भूक कमी होते, धाप कमी होते. ऊब दिली की भूक लागते, आन् बाहेर त्याला खायला कोण देणार? म्हणून मरतं."

चतुरी नळीतून डोळा काढंना. "हे मला लावणार का?"

"नाही बाळा. मी खोटं सांगणार नाही तुला."

"मंग कवा लावतेत?"

"माहीत नाही."

तिनं डोळा तिथंच ठेवला. मंग म्हणली, "मी असंपर्यंत?"

डाक्टर यंत्राची चकती फिरवायले. बाप खाली फरशीवर, त्याचं रडणं तवा थांबलं. पोरीनं एवढ्या बारीक आवाजात इचारलं होतं, जसं काही शेजारनीला इरजण मागायली.

मंग डाक्टरनंच इषय बदलला. "हिला कधी एकदम घाम फुटतो का? हातपाय थरथरतात?"

"कवा कवा. सुई घेऊन जेवायला उशीर झाला की."

"मग नीट ऐका. सुई जास्त झाली, जेवण कमी पडलं, की साखर पार उतरते. पोरगी घामानं गार पडेल, बोलणार नाही. तेव्हा पाणी ओतू नका, ठसका लागेल. कुशीवर करा आन् गूळ ओला करून गालाच्या आतून चोळा. खिशात कायम गूळ पाहिजे."

"गूळ?" येडबा खालून म्हणला.

मलाबी पटलं न्हाई, खरं सांगते. माणसाचा डाक्टर म्हणतो गोड म्हणजे मरण, आन् जनावराचा म्हणतो गूळ खिशात ठेवा. पण त्यानं पोरीला खोटं सांगितलं नव्हतं, तेवढ्यावर मी त्याचं ऐकलं. बाजारातून खडा घेतला, चिंधीत बांधून गाठोड्यात लपवला. दोनच दिवस टिकला. मुंग्यांनी चुगली केली. रांग बघत बघत चतुरीचा बाप गाठोड्यापर्यंत पोचला, चिंधी सोडली आन् खडा मेंढरांपुढं फेकला. मी डाक्टरचं सांगायला लागले तर म्हणला, "त्या डाक्टरचं नाव काढू नगंस." पहिल्यासारखं रागानं न्हाई म्हणला. पडल्या आवाजात म्हणला. म्हणून मी भांडले न्हाई. मला वाटलं दम खाऊ, पुन्हा आणू.

त्या कॉलेजातून आल्यापासून तो पोरीशी नीट बोलतच नव्हता. तिला सुई देताना उठून जायचा.

मंग तो दिवस. सकाळी सुई दिली, पोरगीनं अर्धी भाकर खाल्ली न खाल्ली, तवर मेंढरं वाघरीची जाळी तोडून शेजारच्या उसात घुसली. समदे पळाले. पोरगीबी पळाली. मेंढरं वळवून, हौदावर पाणी पाजून माणसं माघारी फिरली तवा ऊन डोक्यावर आलं होतं. मी भाकरी थापायलते. बघते तर चतुरीचा बाप तिला दोन्ही हातांवर घेऊन यायलाय. तिचा हात खाली लोंबायलता.

त्यानं तिला पालापुढं ठेवली. मला म्हणला, "कासे, गार पडली."

बस. तेवढंच म्हणला आन् डोक्याचा पटका काढून खाली ठेवला. बापानं पटका काढला की दुसऱ्याला काही इचारावं लागत न्हाई. माझी जाऊ भागुबाई, तिनं एकदम हंबरडा फोडला. आजूबाजूच्या रानातली माणसं धावत यायली. कुणी म्हणलं पाणी पाजा, कुणी म्हणलं उन्हाची झळ लागली, कुणी घोंगडं आणलं तिच्यावर घालायला.

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. या माय! अंगारासारखं ऊन, आन् पोरगी माठावाणी गार. ओली गार. दातखिळी बसलेली. मलाबी वाटलं, गेली. खोटं कशाला बोलू, माझंबी त्वांड रडायला उघडलं होतं.

पण डोळ्यापुढं ती काच आली. ते बिनरंगाचे ठिपके. गार, आन् जित्ते. मी पोरीचे ओठ बघितले. फिक्के होते, निळे नव्हते. आता मी काय डाक्टर न्हाई, त्या निळ्याचा आन् ह्या निळ्याचा काय संबंध हाय मला मालूम न्हाई. पण मी वाकून तिच्या नाकाला गाल लावला. वारं यायलतं. बारीक, पण यायलतं.

"रडू नगा!" मी वरडले. "निजली हाय. कुशीवर करा तिला. भागुबाई, तांब्या खाली ठेव, एक थेंब ओतलास तर बघ! गूळ कुठाय? कुणाकडं गूळ हाय का?"

कुणाकडं नव्हता. कसा असंल? आमच्या बिऱ्हाडात गुळाचं नाव घ्यायची चोरी होती.

मी पळाले. त्या रानाच्या ढेकळांतून, अनवाणी, धुरपताबाईच्या आखाड्याकडं. एवढी मी लगीन झाल्यावर कधी पळाले न्हाई. पडले, उठले. धुरपताबाई दारात धान्य पाखडायली. मला बघितलं आन् सुपावरची नजर न काढता म्हणली, "कामून गं? आज इकडं कशी वाट चुकलीस?"

"बाई, गूळ द्या."

"इख पायजे व्हय आज?"

मंग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. सूप तिच्या हातातून खालीच पडलं. आत गेली, आख्खी ढेप उचलून आणली आन् दगडावर आपटली. मोठा तुकडा माझ्या हातात दिला आन् माझ्या मागं तीबी पळाली. चपला घालायचं भान न्हाई त्या मोठ्या घरच्या बाईला.

मी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, गूळ ओला केला आन् बोट तिच्या गालात घालायला गेले, तर चतुरीच्या बापानं माझं मनगट धरलं. असं गच्च की हाड मोडंल.

"गूळ? मारायलीस का तिला? मरतानाबी सुखानं मरू देईनास का?"

मी त्याच्या डोळ्याला डोळा लावला. "तुमी एकदा ऊब देऊन मारलं," मी म्हणलं. "आता सरका."

त्याचा हात सुटला. सुटला कसला, गळूनच पडला. असं कुणी नवऱ्याला बोलू नये, चार माणसांत तर न्हाईच न्हाई. पण बोलले ते बोलले. माघारी घेतलं न्हाई, अजूनबी घेत न्हाई.

मी गूळ चोळायले. वरच्या हिरडीला, खालच्या हिरडीला, गालाच्या आतून. लाळेसंगं गूळ भाईर यायचा, मी परत लावायची. लोक बघायले. धुरपताबाई माझ्या बोटाला गूळ ओला करून द्यायली. काहीच व्हईना. पोरगी तशीच गार. मला वाटलं जनावराच्या डाक्टरचं ऐकलं, आता जिंदगीभर ह्या माणसांना त्वांड कसं दावू? आन् त्वांड दावून तरी काय करू, पोरगीच न्हाई तर?

मंग माझ्या बोटाला जीभ लागली.

आधी वाटलं भास हाय. पुन्हा लागली. खरखरीत, कोकराच्या जिभंवाणी. पोरगी चाटायली. दातखिळी सैल झाली, मी आणखी लावला, तिनं गिळला. घशाची हालचाल समद्यांनी बघितली. भागुबाई पुन्हा रडायला लागली, ह्या येळी मी तिला गप केलं न्हाई.

डोळे उघडायला लय येळ लागला. उघडले तवा बाप पायाशी होता. तिचे पाय दोन्ही हातांत धरून चोळायलता, ऊब द्यायलता. दुसरं त्याला येतंच काय? पायाला ऊब दिल्यानं कुणाचं नुकसान व्हायलं होतं?

त्यानं तोंड तिच्या जवळ नेलं. "बाई, गार लागायलंय का गं?"

पोरीनं त्याच्याकडं बघितलं. ओठ चाटले.

"न्हाई बा," म्हणली. "गोड लागायलंय."

समदी हसली. रडत रडत हसली. धुरपताबाईनं पदर डोळ्याला लावला. येडबानं पटका उचलला, पण डोक्याला बांधायचं त्याला सुधरंना, नुसता हातात धरून बसला.

मी तिला भाकर दिली, दूध दिलं, डाक्टरनं सांगितलं होतं तसं. पोरगीनं खाल्लं. तोंडाला रंग आला. मंग तिनं माझ्या मुठीकडं बघितलं. मुठीत अर्धा खडा राहिला होता, माझ्या घामानं चिकट झालेला. वरीस दीड वरीस झालं होतं तिला गुळाची चव लागून.

"माय," ती हळूच म्हणली, "आनखी उलीसा दे की."

बाप माझ्याकडं बघायला. धुरपताबाई माझ्याकडं बघायली. पोरगीनं हात पुढं केला.

मी मूठ झाकली. मडक्यातल्या वाळूत बाटली होती, आन् सांजची सुई अजून द्यायची होती.